छपरावरचें कर्ज

कर्ज काढणें हें आपल्या घरांतून आजही थोडें लाजेचेंच काम मानलें जातें. लग्नकार्य, दुखणें किंवा घरबांधणी यांवांचून वडील माणसें कर्जाचें नांव काढूं देत नाहींत. आणि काढलेंच, तर तें फिटेपर्यंत त्यांस सुखाची झोंप लागत नाहीं. परंतु गेल्या वीसएक वर्षांत कर्जाचा एक नवाच प्रकार देशोदेशींच्या बँकांच्या बोलण्यांत येऊं लागला आहे, आणि त्याची परीक्षा या जुन्या घरगुती दृष्टीनें करणें हेंच अधिक उपयोगाचें होईल असें वाटतें. या प्रकारास ‘हरित कर्ज’ असें नांव आहे. ज्या कामानें हवा, पाणी व जमीन यांची नासाडी थांबेल, निदान कमी होईल, त्या कामासाठीं दिलेलें तें हरित कर्ज. उन्हावर वीज करणारा संच, शेणाच्या गॅसची टाकी, कारखान्याचें सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रसामग्री, थोड्या कोळशांत विटा भाजणारी भट्टी, हीं त्याचीं नेहमींचीं उदाहरणें होत.

अमुक एका कामासाठींच म्हणून कर्ज देण्याची कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. इंग्रजी अमदानींत १८८३ च्या कायद्याखालीं विहिरीसाठीं व बांधबंदिस्तीसाठीं सरकार तगाई देत असे. व्याज सावकाराहून कमी आणि मुदत लांब. तरीही पुष्कळ शेतकरी तगाईच्या वाटेस न जातां सावकाराचीच पायरी चढत. तगाई हातीं येईपर्यंत कचेरीच्या खेपा घालाव्या लागत, आणि पाऊस पडो वा न पडो, हप्ता ठरल्या दिवशीं भरावा लागे. सावकार लुबाडी, पण तो दारांत येई व अडीअडचणीला थांबे. सारांश, कर्जाचा हेतु चांगला असला म्हणजे कर्जही चांगलें असतें, असें नाहीं.

एखाद्या राष्ट्रांतील साऱ्या बँकांस हरित कर्ज देण्यास लावण्याचा उद्योग ज्या देशांनीं अगदीं आरंभीं हातीं घेतला, त्यांत चीन व बांगलादेश यांचीं नांवें पुढें येतात. चीनचा व्याप अवाढव्य खरा. परंतु तेथें मोठ्या बँका सरकारच्या व मोठे कारखानेही बव्हंशीं सरकारचे, तेव्हां एका खिशांतून दुसऱ्या खिशांत पैसे टाकण्यासारखाच तो प्रकार. बांगलादेशाची हकीकत आपणांस अधिक जवळची आहे. तोच मोसमी पाऊस, तींच कौलारू व पत्र्याचीं घरें, तीच थोड्या पैशांत संसार रेटण्याची धडपड. ‘कुपी’ आणि ‘हरिकेन’ हे शब्दसुद्धां तिकडे हेच!

त्या कुपीपासूनच आरंभ केला पाहिजे. २००० सालच्या सुमारास बांगलादेशांतील खेड्यांत वीज बहुतेक नव्हतीच. दिवस मावळला कीं रॉकेलची चिमणी लागे. तिच्या धुरांत मुलांनीं वाचावें, बायकांनीं स्वयंपाक करावा, आणि महिन्याच्या जमाखर्चांत रॉकेलचा आंकडा धान्याच्या खालोखाल बसावा. मोबाईल आल्यावर तर तो बॅटरी भरून आणण्यासाठीं बाजारांत न्यावा लागे व तेथें पैसे मोजावे लागत. अशा घरावर उन्हाची वीज करणारें पॅनेल बसवावें, हा विचार कोणासही सुचण्याजोगा होता. प्रश्न पैशाचा होता. संच घ्यावयाचा तर वर्षभरांतील शिल्लक सारी एकदम टाकावी लागे, आणि शिल्लक तर नसेच.

१९९६ मध्यें ‘ग्रामीण शक्ति’ नांवाची संस्था या कामासाठीं निघाली. पुढें २००३ सालीं ‘इडकॉल’ या सरकारी मालकीच्या वित्तसंस्थेनें जागतिक बँक इत्यादिकांच्या साहाय्यानें मोठी योजना आंखली. तिची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. हरित कर्जाचें खरें मर्म तेथेंच आहे असें माझें मत झालें आहे.

इडकॉल स्वतः खेड्यांत गेली नाहीं. खेड्यांत ज्यांचीं माणसें आधींपासून वावरत होतीं, अशा संस्था तिनें निवडल्या. पुढें पुढें त्यांची संख्या पन्नासांच्या वर गेली. संस्थेच्या माणसानें घरोघर जाऊन संच विकावा. गिऱ्हाइकानें किंमतीचा दहा ते पंधरा टक्के भाग रोख द्यावा, व उरलेली रक्कम दोन-तीन वर्षांत मासिक हप्त्यांनीं फेडावी. संच बसवून झाला व त्याची तपासणी झाली म्हणजे इडकॉल त्या संस्थेस गिऱ्हाइकाच्या कर्जाचा बराच मोठा भाग हलक्या व्याजानें आणि अधिक लांब मुदतीनें देई, कीं जेणेंकरून संस्थेचे हात पुढच्या घरासाठीं मोकळे व्हावेत. पॅनेल व बॅटरी कोणत्या जातीची असावी हें एक तज्ज्ञमंडळ ठरवी, आणि बॅटरीस पांच वर्षांची हमी असे. आरंभीं प्रत्येक संचामागें कांहीं अनुदान होतें, तें हळूहळू कमी करीत नेलें. तारण म्हणून गिऱ्हाइकाजवळ कांहीं मागत नसत. संच हेंच तारण.

यांतील खुबी हप्ता वसूल करण्यांत होती. जो मनुष्य दरमहा हप्ता घेण्यास येई, तोच बॅटरीचें पाणी पाही, सैल झालेली तार आंवळी आणि न लागणारा दिवा बदली. दिवा लागत नसेल तर हप्ता मागण्याची त्याची छाती होत नसे! सावकाराचें दारांत येणें आणि तगाईचें हलकें व्याज यांचा असा मेळ क्वचितच पडला असेल. ग्रामीण शक्तीनें तर खेड्यांतील स्त्रियांस दिव्याच्या जोडणीचें व दुरुस्तीचें काम शिकवून त्यांजकडून तें करून घेतलें. हप्ता रॉकेल व मोबाईलच्या खर्चाच्या आसपासच बसे. म्हणून घरांतल्या बाईस हा व्यवहार समजावून सांगण्यास अर्थशास्त्र लागत नसे. पन्नास वॅटच्या संचावर चार दिवे आणि एखादा लहान टेलिव्हिजन चाले.

पहिला संकल्प साडेपांच वर्षांत पन्नास हजार घरांचा होता. तो २००५ मध्येंच, म्हणजे ठरल्याच्या तीन वर्षें आधीं, पुरा झाला. २०१३ च्या सुमारास दरमहा साठ हजारांहून अधिक घरांवर संच चढत होते. २०१८ पर्यंत एकूण ४१ लाख संच बसले आणि सुमारें दोन कोटि माणसांच्या घरीं उजेड आला. एवढ्या घरांत तारेवांचून वीज पोंचल्याचें दुसरें उदाहरण सहसा आढळणार नाहीं.

आतां मध्यवर्ती बँकेकडे वळूं. आपल्याकडे रिझर्व्ह बँक, तशी तिकडे ‘बांगलादेश बँक’. २००९ मध्यें अतिउर रहमान हे तिचे गव्हर्नर झाले. त्यांनीं त्याच वर्षीं २०० कोटि टाकांचा एक निधि काढला. बँकांनीं सौर संच, गॅसची टाकी, सांडपाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें यांसाठीं कर्ज द्यावें, आणि तेवढी रक्कम मध्यवर्ती बँकेकडून हलक्या व्याजानें परत उचलावी, अशी ती व्यवस्था. २०११ च्या आरंभीं दोन आज्ञापत्रें निघालीं. पहिल्यान्वयें कर्जाच्या प्रत्येक मोठ्या अर्जाबरोबर त्या धंद्यापासून हवापाण्यास किती धोका आहे, याची छाननी करणें बँकांस आवश्यक झालें. दुसऱ्यान्वयें प्रत्येक बँकेनें या कामासाठीं वेगळा विभाग उघडावा, असें ठरलें. पुढें २०१६ पासून एकूण कर्जवांटपाचा निदान पांच टक्के भाग हरित असलाच पाहिजे, असा दंडक घातला. आणि त्याच वर्षीं कापड व चामडें यांच्या निर्यातदार कारखान्यांसाठीं वीस कोटि डॉलरांचा निराळा निधि उभारला. (त्याच वर्षीं फेब्रुवारींत चोरट्यांनीं न्यूयॉर्क येथील खात्यांतून बांगलादेश बँकेचे ८ कोटि १० लाख डॉलर संगणकाच्या द्वारें पळविले, आणि मार्चमध्यें रहमान यांस अधिकारपद सोडावें लागलें.)

हे हुकूम कागदावर मोठे नेटके होते. पण बँकांचे अधिकारी शहरांत बसणारे. वीस हजारांचें कर्ज देण्यास आणि दोन कोटींचें कर्ज देण्यास कागद सारखेच लागतात, मग त्यांनीं वीस हजारांच्या वाटेस कां जावें? २०० कोटींचा निधिही त्यामुळें सावकाशच उचलला गेला. त्यांत १ एप्रिल २०२० पासून २०२३ च्या मध्यापर्यंत सरकारनें बहुतेक कर्जांच्या व्याजावर नऊ टक्क्यांची मर्यादा घातली होती. गरिबाचें हित म्हणून ही मर्यादा गोड वाटते. परंतु दरमहा घरोघर माणूस पाठविण्याचा खर्च नऊ टक्क्यांत निघत नाहीं, आणि ज्याचा खर्च निघत नाहीं तें कर्ज बँक देत नाहीं. सावकारास आपण नांवें ठेवतों तीं योग्यच आहेत, पण त्याच्या व्याजांत त्याच्या चपलांची झीजही असे, ही गोष्ट सरकारें नेहमीं विसरतात.

पांच टक्क्यांच्या दंडकाचीही अशीच गत झाली. पुष्कळ बँकांस तो गांठतां येईना. २०२० च्या अखेरीस नवें धोरण आलें, तेव्हां हा हिशेब एकूण वांटपावर न धरतां केवळ मुदतीच्या कर्जांवर धरण्याची रीत पडली. शिवाय ‘टिकाऊ’ कर्ज म्हणून एक अधिक रुंद वर्ग निर्माण झाला, ज्यांत शेती व लहान धंदे यांचीं कर्जेंही बसूं लागलीं. शेतीस व लहान धंद्यांस कर्ज मिळावें हें उत्तमच. पण गज बदलल्यानें कापड लांब होत नाहीं. आंकडे चढले, त्या प्रमाणांत नद्या स्वच्छ झाल्या असें मात्र म्हणतां येत नाहीं.

नद्यांचा उल्लेख मुद्दाम केला. ढाक्यांतील हजारीबाग हा चामडें कमाविण्याच्या धंद्याचा जुना मोहल्ला. तेथील घाण बुरीगंगेंत जाई. एप्रिल २०१७ मध्यें न्यायालयाच्या हुकुमानें तेथील कारखान्यांची वीज व पाणी तोडून त्यांस सावार येथें जाण्यास भाग पाडण्यांत आलें. तेथें सर्वांच्या मिळून एका शुद्धीकरण केंद्राची सोय केली होती. तें अपुरें पडलें, आणि बुरीगंगेचें दुःख धलेश्वरीच्या वांट्यास आलें. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांची तऱ्हाही पाहावी. त्यांच्या आवारांत सांडपाण्याचें यंत्र असतें, तें कर्ज काढून बसविलेलें असतें, आणि विजेचा व औषधांचा खर्च वांचावा म्हणून पुष्कळदां तें बंद ठेवतात, ही तक्रार तिकडे वर्षानुवर्षें चालत आली आहे. बँकेच्या वहींत कर्ज दिल्याची तारीख व हप्त्यांची नोंद असते. यंत्र किती तास चाललें याची नोंद नसते. हप्ते वेळेवर आले कीं बँकेच्या दृष्टीनें तें कर्ज हरितही आणि निर्दोषही! सौर संचाचा हप्ता मागणारा मनुष्य दिवा लागतो कीं नाहीं हें पाहूनच पैसे मागत असे. येथें तें पाहणाराच कोणी नाहीं. अर्थात् सारेंच फोल गेलें असें नव्हे. परदेशी गिऱ्हाइकांनीं आग्रह धरल्यामुळें शिवणकामाच्या शेंकडों कारखान्यांनीं पाणी व वीज यांची काटकसर मनावर घेतली, आणि आंतरराष्ट्रीय प्रशस्तिपत्र मिळविलेले दोनशेंहून अधिक कपड्यांचे कारखाने आज त्या देशांत आहेत. पण तेथें डोळ्यांत तेल घालून पाहणारें गिऱ्हाईक होतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

मग छपरांवरच्या त्या ४१ लाख संचांचें पुढें काय झालें? हा या हकीकतींतला सर्वांत क्लेशकारक भाग आहे.

२०१० नंतर सरकारनें खेड्यांत विजेची तार नेण्याचें काम झपाट्यानें चालविलें, आणि मार्च २०२२ मध्यें साऱ्या देशांत वीज पोंचल्याचें जाहीर केलें. ज्या घरीं तार आली, त्या घरीं पन्नास वॅटचा संच अडगळ झाला. तारेवर पंखा चाले, इस्त्री चाले. संचावर तें कांहींच चालेना. सहा महिन्यांपूर्वीं घेतलेल्या संचाचे दोन वर्षांचे हप्ते मग कोण भरतो? त्यांतच २०१६ च्या सुमारास सरकारच्याच मदतकार्याच्या खात्यांतून खेड्यांत फुकट संच वांटले जाऊं लागले. शेजारणीस संच फुकट मिळाला असतां आपण हप्ता कां द्यावा, या प्रश्नास वसुलीला आलेल्या मनुष्याजवळ उत्तर नव्हतें. आणि खरें म्हटलें तर तो प्रश्न गैरही नव्हता. शिवाय कोणत्याही मंडळाची पसंती नसलेला स्वस्त माल बाजारांत आलाच होता. विक्री कोसळली, वसुली थांबली. गिऱ्हाइकाकडून पैसे येईनात, पण संस्थांनीं इडकॉलकडून उचललेलें कर्ज तर डोक्यावर होतेंच. कित्येक संस्थांस शाखा मिटाव्या लागल्या, माणसें कमी करावीं लागलीं. ग्रामीण शक्ति ही त्यांत सर्वांत मोठी. तिलाही हा तडाखा चुकला नाहीं.

यांत दोष कोणाचा? तार आली हें चांगलेंच झालें. खेड्यांतील बाईनें जन्मभर चार दिव्यांवर समाधान मानावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. कर्जदारानें लबाडी केली असेंही म्हणवत नाहीं. माझ्या मतें दोष असा कीं, एकाच सरकारच्या एका हातानें तीन वर्षांच्या मुदतीचें कर्ज देवविलें, आणि दुसऱ्या हातानें ती मुदत संपण्यापूर्वींच त्या कर्जाचा हेतु मोडला. तार कोणत्या सालीं कोणत्या गांवीं जाणार, हें वीजखात्यास ठाऊक होतें. तें पतखात्यास वेळेवर कळतें, आणि जेथें तार लवकर येणार तेथें संच विकलाच जात ना, तर हा घोटाळा पुष्कळ अंशीं टळता. त्याऐवजीं तोटा ज्यांनीं चिखल तुडवून खरें काम केलें, त्यांच्याच पदरीं पडला. कर्ज हें वचन आहे असें आपण कर्जदारास नेहमीं बजावतों. तें देणाऱ्याचेंही वचन असतें, ही बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीस हजारांच्या कर्जदारामागें माणूस पाठविणाऱ्या त्याच देशांत बड्या उद्योगसमूहांनीं बँकांतून उचललेल्या प्रचंड रकमा बुडाल्या. २०२४ च्या अखेरीस बांगलादेशांतील बँकांच्या एकूण कर्जांपैकीं एक पंचमांशाहून किंचित् अधिक कर्जें थकलेलीं होतीं. ज्या बँकेचा असा पांचवा हिस्सा बुडीत आहे, ती लांब मुदतीचें हरित कर्ज देण्यास धैर्य कोठून आणणार? पतपेढीचें मूळ दुरुस्त नसेल, तर तिच्या फांदीस हिरवा रंग देऊन पानें फुटत नाहींत.

आपल्या देशांतही हें वारें वाहूं लागलें आहे. उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या विजेसाठीं दिलेलीं ठराविक मर्यादेपर्यंतचीं कर्जें २०१५ पासून अग्रक्रमाच्या कर्जांत धरलीं जातात. एप्रिल २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ‘हरित ठेवी’संबंधीं नियम घालून दिले, व ते त्याच वर्षीं १ जूनपासून अमलांत आले. बँकांवर अशी ठेव घेण्याची सक्ति नाहीं. पण घेतली, तर तो पैसा नेमून दिलेल्या कामांकडेच गेला पाहिजे, आणि त्याची दरवर्षीं बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासणी झाली पाहिजे. आपल्या घरांतील वडील मंडळींच्या मुदतठेवी बँकांत असतात, म्हणून हा विषय दूरचा नाहीं. त्या ठेवी बहुधा एक ते तीन वर्षांच्या. उन्हाच्या विजेचें मोठें कर्ज मात्र दहा-पंधरा वर्षांचें. थोड्या मुदतीनें घेतलेला पैसा लांब मुदतीनें देण्याची ही कसरत बँकेस नेहमींच करावी लागते, आणि ती जमते कीं नाहीं हें पाहण्याचा हक्क ठेवीदारास आहे. बँकेंत असा ठेवीचा प्रकार दाखविला गेला, तर व्याजाच्या दराबरोबर गेल्या सालचा तपासणीचा अहवालही मागून घ्यावा.

फेब्रुवारी २०२४ पासून आपल्याकडे एक कोटि घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याची योजना चालू झाली आहे, व तिच्यासाठीं बँका कर्ज देत आहेत. येथील संच विजेच्या तारेस जोडलेला असतो, म्हणून तार येतांच तो निरुपयोगी होण्याची भीति नाहीं. भीति निराळी आहे. दुपारीं जास्त झालेली वीज कंपनी कोणत्या हिशेबानें परत घेणार, यावर सारें गणित बसलेलें असतें. कर्जाच्या मुदतींतच जर हा हिशेब बदलला, तर हप्ता तोच राहून बचत मात्र घटेल. म्हणून छपराचें माप घेण्यास येणाऱ्या मनुष्यास पहिला प्रश्न हाच करावा.

बांगलादेशांत इडकॉलनें मध्यंतरीं दुसरें काम हातीं घेतलें आहे. तेथें डिझेलवर चालणारे दहा लाखांहून अधिक पंप शेतांस पाणी देतात. त्यांच्या जागीं सूर्यावर चालणारे पंप यावेत म्हणून निम्मी रक्कम अनुदान, सुमारें पस्तीस टक्के कर्ज आणि उरलेली पंप चालविणाऱ्याची, अशी वांटणी ठरली. पंपवाल्यानें आसपासच्या शेतकऱ्यांस पाणी विकून हप्ता भरावा. असे सुमारें दीड हजार पंप बसले आहेत. परंतु पाणी विकलें जातें तें मुख्यतः हिवाळी भाताच्या हंगामांत. पावसाळ्यांत शेतें आपोआप तुडुंब भरलेलीं असतात आणि पंप स्वस्थ बसतो. हप्ता मात्र बसत नाहीं. म्हणून त्या रिकाम्या महिन्यांतील वीज सरकारी तारेंत सोडून तिचे पैसे पंपवाल्यास मिळावेत, असे प्रयोग कांहीं ठिकाणीं सुरू झाले आहेत. या खेपेस निदान पतखातें आणि वीजखातें एका बैठकींत बसलें आहे.